रेव्हीनंतर कोण? बंदूक चालवणाऱ्या नायिकांचे अ‍ॅनिमे निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ब्लॅक लगून’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे (अ‍ॅनिमेचे) दोन्ही सीझन आणि सूडाला निघालेल्या रॉबर्टा या मोलकरणीचे पाच भाग पाहून झाले, आता त्यातल्या तस्कर टोळीतल्या रेव्हीसारखी कणखर, बंदूक चालवणारी नायिका असलेलं आणखी काय पाहू? शाळेच्या गणवेशातल्या गोंडस मुलींच्या हातात रायफली दिल्यात, तसलं काही नको, असंही तुम्ही लिहिलं आहे.

नावांची यादी लगेच देता येईल. पण तशा यादीतल्या निम्म्या मालिका तुम्ही दुसऱ्याच भागात सोडून द्याल. रेव्ही आवडली म्हणजे नेमकं काय आवडलं, हे आधी ठरवायला हवं. मी अ‍ॅनिमेशनमध्ये स्टोरीबोर्ड काढते आणि नव्या मुलामुलींना चकमकीचे प्रसंग कसे उभे करायचे ते शिकवते. त्यासाठी ‘ब्लॅक लगून’ फ्रेम थांबवून थांबवून पाहावी लागते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा मालिकेचा कस नायिकेच्या नेमबाजीवर लागत नाही. तिच्या शेजारी कोण उभं आहे आणि ते माणूस तिच्या बंदुकीकडे कसं पाहतं, यावर लागतो.

पहिल्या सीझनचा सातवा भाग आठवा. त्याआधी बुडालेल्या जर्मन पाणबुडीत रेव्ही आणि तिच्या टोळीत नव्याने आलेल्या रॉकचं वाजलेलं असतं, मेलेल्या खलाशांची पदकं घ्यायची की नाही यावरून. तिच्या लेखी पदक म्हणजे धातूचा तुकडा. बाजारात किंमत येत असेल तर उचलायचा. रॉकला हे पटत नाही. सातव्या भागात ती भर बाजारात त्याच्यावर पिस्तूल रोखते, गोळीही सुटते. आणि हा पांढरा शर्ट, टाय घातलेला माजी कारकून नळी बाजूला सारून तिलाच खडसावतो. शेवटी पोलिसांच्या गाडीत एकाच्या पेटत्या सिगारेटीवर दुसऱ्याची सिगारेट पेटते. त्या भागात तुम्हाला रेव्ही कळते. यलो फ्लॅग बारमधल्या फैरींमध्ये ती फक्त दिसते. रॉक अख्ख्या मालिकेत बंदूक चालवत नाही, आणि तो चालवत नाही म्हणूनच तिच्या बंदुकीला वजन आहे. सुनाओ काताबुची या दिग्दर्शकाने 2006 साली मॅडहाउस स्टुडिओत ही मालिका केली तेव्हा त्याला हे पुरतं उमगलेलं होतं, असं प्रत्येक भाग पाहताना जाणवतं.

म्हणून माझी पहिली शिफारस तुम्हाला चमत्कारिक वाटेल, कारण तिच्यात बंदुका सगळ्यात कमी आहेत. ‘मिचिको तो हाच्चिन’. मँग्लोब स्टुडिओची 2008-09 मधली 22 भागांची मालिका, दिग्दर्शक सायो यामामोतो. (स्केटिंगवरची ‘युरी ऑन आइस’ पुढे तिनेच केली.) गोष्ट घडते एका काल्पनिक देशात, पण रस्ते, घरं, ऊन, भिंतींवरचे रंग सगळं ब्राझीलवरून उचललेलं, आणि संगीतही ब्राझीलच्या कासिनचं. मिचिको मालांद्रो तुरुंग फोडून पळते आणि एका पाद्र्याच्या घरात छळ सोसत राहणाऱ्या हाना नावाच्या लहान मुलीला उचलून नेते. हाच्चिन हे मिचिकोने हानाला दिलेलं नाव. दोघींना एकाच पुरुषाला शोधायचं आहे: मिचिकोला तिचा जुना प्रियकर म्हणून, हानाला बाप म्हणून.

मिचिको रेव्हीसारखीच आहे: उर्मट, हाताला येईल ते फेकणारी, पैसा टिकू न देणारी, प्रेम करायचं म्हटलं की अवघडणारी. फरक एवढाच, की इथे रॉकच्या जागी नऊ-दहा वर्षांची पोर आहे, आणि ती रॉकपेक्षा जास्त कठोर आहे. मिचिको गुंडगिरी करते तेव्हा हाना भारावत नाही. ती वैतागते, भांडते, निघून जाते, स्वतः काम शोधते. मोठ्या बाईची दादागिरी लहान मुलीच्या नजरेतून पाहिली की तिच्यातलं शौर्य आणि बेजबाबदारपणा एकाच वेळी दिसतात. शिवाय मागावर असलेली पोलीस अधिकारी अत्सुको जॅक्सन ही मिचिकोची लहानपणची ओळख. पिस्तूल घेऊन पाठलाग करणारी अत्सुको आणि पळणारी मिचिको यांच्यातला प्रत्येक प्रसंग ‘ब्लॅक लगून’च्या तोडीचा आहे. मधले काही भाग रेंगाळतात, ते खरं. तरी सोडू नका. पहिल्याच भागात मिचिको त्या पाद्र्याच्या घरात कशी घुसते तेवढं पाहा, पुढचं तुमचं तुम्ही ठरवाल.

आता खरोखर बंदुकांची मालिका. तुम्हाला ‘ब्लॅक लगून’मधलं रोआनापूर हे गुन्हेगारांचं शहर आवडलं असेल, म्हणजे भाडोत्री सैनिक, तस्कर, गुप्तहेर आणि त्यांचे एकमेकांशी चाललेले हिशेब, तर ‘जॉर्मुंगांड’ घ्या. केइतारो ताकाहाशीचा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) ‘ब्लॅक लगून’ ज्या ‘संडे जीन-एक्स’ मासिकात आला त्याच मासिकातला आहे, आणि ते नातं लपत नाही. अ‍ॅनिमे व्हाइट फॉक्स स्टुडिओचा, 2012 सालचा, बारा-बारा भागांचे दोन सीझन. कोको हेकमत्यार ही तरुण बाई शस्त्रांची व्यापारी आहे. तिच्या अंगरक्षकांच्या टोळीत जोना नावाचा मुलगा येतो. तो बालसैनिक आहे, त्याला शस्त्रांचा मनापासून तिटकारा आहे, आणि तरीही तो शस्त्रं विकणाऱ्या बाईसाठी शस्त्र चालवतो.

इथे मांडणी उलटी झाली आहे हे लक्षात घ्या. कोको स्वतः गोळी क्वचित झाडते. ती हसते, सौदे करते, आणि तिच्या हसण्याचीच भीती वाटते. नेम धरायचं काम तिच्या माणसांचं. त्यांच्यातली वाल्मे ही फिनलंडच्या सैन्यातून आलेली, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई. बंदुकीपेक्षा सुऱ्यावर तिचा हात अधिक बसलेला. पहिल्या सीझनच्या उत्तरार्धात ती एका जुन्या सूडासाठी टोळी सोडून एकटी निघते आणि जोना तिच्यासोबत जातो. रॉबर्टाचे भाग तुम्हाला भावले असतील तर हा तुकडा चुकवू नका. सूड घ्यायला निघालेल्या बाईला लहान मुलगा थांबवत नाही, उपदेशही करत नाही, फक्त सोबत चालतो. ते मला रॉबर्टा आणि तिचा लहान मालक गार्सिया यांच्या गोष्टीपेक्षाही जास्त संयत वाटतं. या मालिकेचा दोष सांगायचा तर सुरुवातीचे शत्रू थोडे नाटकी आहेत. दुसरा सीझन मात्र वेगळ्याच दिशेला जातो. कोकोच्या मनात काय शिजतंय ते कळल्यावर पहिल्या सीझनमधलं तिचं प्रत्येक हसू पुन्हा तपासावंसं वाटतं.

तुमचं लक्ष नेमबाजीवरच असेल, म्हणजे हत्यार हातात घेतलेली बाई ते नीट हाताळते का याला तुम्ही महत्त्व देत असाल, तर थेट मागे जा, 1995 मध्ये. ‘गनस्मिथ कॅट्स’. केनिची सोनोदाच्या मांगावरचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीनच भाग, घरी पाहायच्या व्हिडिओसाठी काढलेले. शिकागोत रॅली व्हिन्सेंट बंदुकांचं दुकान चालवते आणि जोडधंदा म्हणून फरारी गुन्हेगार पकडते. तिची जोडीदार मिनी-मे स्फोटकांची जाणकार. सरकारी खात्याचा एक माणूस रॅलीच्या परवान्यातली खोट दाखवून तिला आपल्या कामात ओढतो आणि तिथून शस्त्रतस्करीचं प्रकरण सुरू होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे तीन भाग दाखवते ते वजनासाठी. हाताने रंगवलेल्या सेलचा, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवरच्या चित्रांचा, तो काळ. पिस्तूल झाडल्यावर मनगट किती उचललं जातं, काडतुसाचं रिकामं पितळ कोणत्या बाजूला उडतं, मॅगझीन संपलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे अडकून राहते आणि ते रॅलीच्या डोळ्यांना आधी कळतं की बोटांना: हे सगळं त्यात काढलेलं आहे. ती वापरते ते सीझेड 75 या पिस्तुलाचं सुरुवातीचं मॉडेल. तिला ते का आवडतं हे ती ज्या प्रेमाने सांगते ते ऐकलं की ही बाई दुकानदार आहे, कारागीर आहे, हे पटतं. आवाज ऐकताना हेडफोन लावा. बंद खोलीत झाडलेली गोळी आणि मोकळ्या रस्त्यावर झाडलेली गोळी इथे वेगळी वाजते. आजच्या अनेक मालिकांत एकच साठवलेला आवाज सगळीकडे चिकटवतात, तेव्हा गोळीला ना जागा असते ना धोका.

गाड्यांबद्दलही तेच. रॅलीची शेल्बी मस्टँग शिकागोच्या रस्त्यांवरून वळते तेव्हा गाडीचं मागचं अंग आधी घसरतं, मग चाकं पकड घेतात. सोनोदाचा मूळ मांगा ज्यांना वाचायचा असेल त्यांनी एवढं जाणून असावं, की मिनी-मेचं पूर्वायुष्य आणि तिचं नातं त्यात ज्या प्रकारे रंगवलंय ते आज वाचवत नाही. अ‍ॅनिमेच्या तीन भागांत तो मजकूर नाही, म्हणून मी फक्त अ‍ॅनिमेचीच शिफारस करते.

‘नुआर’वर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिच्याबद्दल लोक चुकीच्या अपेक्षा घेऊन बसतात. 2001 सालची, बी ट्रेन स्टुडिओची, कोइची माशिमो दिग्दर्शित 26 भागांची मालिका. मिरेय बुके ही पॅरिसमध्ये राहणारी, मूळची कोर्सिकाची भाडोत्री मारेकरी. किरिका ही जपानमधली मुलगी, जिला आपण कोण हे आठवत नाही, पण माणूस कसा मारायचा हे हातांना ठाऊक आहे. दोघींना जोडणारा धागा म्हणजे एक जुनं घड्याळ आणि त्यातली धून. ‘ले सोल्दा’ नावाची एक पुरातन संघटना दोघींच्या मागे आहे. दोघी एकत्र काम करायचं ठरवतात, पण एका अटीवर: सगळं उलगडलं की मिरेय किरिकाला मारणार.

ही अट म्हणजे मालिकेचा कणा आहे. इथे शेजारी उभं असलेलं माणूस नि:शस्त्र नाही. शेजारणीच्या हातातलं वॉल्थर पिस्तूल एक दिवस आपल्याकडेच वळणार हे किरिकाला माहीत आहे, आणि तरी ती रोज तिच्यासाठी चहा करते, तिच्यासोबत एका टेबलावर बसते. दोघी फार बोलत नाहीत. युकी काजिउराचं संगीत त्यांच्या वतीने बोलतं. मोठमोठ्या चकमकी संवादाशिवाय, ‘साल्वा नोस’सारख्या गाण्यावर चालतात आणि रक्त जवळजवळ दिसत नाही. ‘ब्लॅक लगून’मधल्या फुटणाऱ्या डोक्यांनंतर हे बेचव वाटू शकतं. मला तसं वाटत नाही, कारण रक्त नसल्यामुळे नजर किरिकाच्या चेहऱ्यावर राहते, आणि त्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. तीच त्या प्रसंगातली भीती.

सहावा भाग पाहा. एकेकाळी केजीबीत असलेला, हातून भयंकर गोष्टी घडलेला, आता गोरगरिबांना मदत करत जगणारा आजारी म्हातारा, आणि त्याचं मांजर. किरिकाची त्या मांजराशी ओळख होते. काम तर करायचंच आहे. इतक्या साध्या आराखड्यावर इतका चांगला भाग अ‍ॅनिमेत क्वचितच बांधला गेला असेल. पुढे आठव्या-नवव्या भागात सिसिलीच्या माफियाची एक बाई येते, जिच्यापुढे लहानपणी मिरेयची बोबडी वळली होती. कणखर नायिकेला भीतीने थिजलेलं दाखवायला लेखकाची छाती लागते. गती मंद आहे, जुन्या आठवणींची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा येतात, आणि शेवटाकडे गूढता गरजेपेक्षा ताणली आहे. रोज दोन भाग, त्याहून जास्त नको.

माशिमोने याच धाटणीच्या आणखी दोन मालिका केल्या: 2004 ची ‘मॅडलॅक्स’ आणि 2007 ची ‘एल कासादोर दे ला ब्रुहा’. ‘मॅडलॅक्स’ची सुरुवात यादवी युद्धाने होलपटलेल्या एका काल्पनिक देशात होते आणि पहिले काही भाग उत्तम आहेत, मग जादूचं पुस्तक गोष्टीवर स्वार होतं. ‘एल कासादोर’ हलकी, रस्त्यावरची, मेक्सिकोच्या उन्हातली. ‘नुआर’ मनापासून आवडली तरच यांच्याकडे वळा.

‘घोस्ट इन द शेल’ तुम्ही पाहिली असण्याची शक्यता बरीच आहे. नसेल तर 1995 चा मामोरू ओशीचा चित्रपट आधी, मग 2002 ची ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ ही केंजी कामियामाची मालिका. नायिका मोतोको कुसानागीबद्दल एवढंच सांगते, की तिचं शरीर बनवलेलं आहे, सरकारी मालकीचं आहे, आणि चित्रपटातल्या रणगाड्याच्या प्रसंगात याचा अर्थ हाडापर्यंत पोचतो. जुन्या संग्रहालयात कोळ्यासारख्या पायांचा रणगाडा गोळ्यांची सरबत्ती करतो, भिंतीवर कोरलेला उत्क्रांतीचा वृक्ष फुटत फुटत वर जातो. मोतोकोच्या गोळ्या संपतात आणि ती रणगाड्याचं झाकण नुसत्या हातांनी उपटायला लागते. स्नायू ताणतात, फाटतात, हात निखळतात. झाकण उघडत नाही. ताकदवान बाईची ताकद कुठे संपते हे इतक्या निर्दयपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. स्टोरीबोर्ड शिकणाऱ्याने त्यातला एकेक शॉट कागदावर उतरवावा.

तिथेही शेजारचं माणूस आहे: तोगुसा. मोतोकोच्या सगळ्या पथकात शरीर जवळजवळ मूळचंच राहिलेला, बायको-मुलं असलेला पोलीस, आणि सगळे आधुनिक शस्त्रं वापरत असताना हा आपलं माटेबा रिव्हॉल्व्हर सोडत नाही. आपल्याला पथकात का घेतलं, असं तो मोतोकोला विचारतो. तिच्या उत्तराचा आशय असा, की सगळे एकसारखे असलेलं पथक एकसारखंच चुकतं. ‘ब्लॅक लगून’मध्ये रॉक का हवा याचंही उत्तर तेच आहे.

‘गनस्लिंगर गर्ल’बद्दल मी थोडी थांबून लिहिते आहे. तुम्ही शाळकरी मुली नकोत म्हणालात, आणि हिच्यातल्या सगळ्या नायिका लहान मुली आहेत. तरी ही मालिका त्या प्रकारातली नाही. त्या प्रकारावर ओढलेला तो सगळ्यात कठोर कोरडा आहे. यू आइदाचा मांगा, मॅडहाउसनेच 2003-04 मध्ये केलेले 13 भाग, दिग्दर्शक मोरिओ आसाका. इटलीत एक सरकारी संस्था अपंगांना, जखमींना मदत करण्याच्या नावाखाली उद्ध्वस्त झालेल्या मुलींना घेते, त्यांच्या शरीरात यंत्रं बसवते, औषधांनी मन घडवते आणि त्यांच्याकडून खून करवून घेते. प्रत्येक मुलीमागे एक मोठा पुरुष सांभाळणारा म्हणून नेमलेला. औषधांमुळे मुलींची त्याच्यावर जी माया बसते ती खरी की घडवलेली, हे मुलींनाही कळत नाही आणि पुरुषांनाही. काही सांभाळणारे प्रेमळ आहेत, काही मुलीला निव्वळ हत्यार समजतात. प्रेमळ असलेल्यांचं वागणं पाहताना जास्त त्रास होतो, कारण तेही दुसऱ्या दिवशी तिच्या हातात बंदूक देतातच.

या मुलींपैकी हेन्रिएटा व्हायोलिनच्या पेटीतून पी90 ही छोटी स्वयंचलित बंदूक नेते. त्रिएला जुनी विंचेस्टर शॉटगन वापरते आणि सगळ्यांत जास्त स्वतंत्र डोक्याची आहे. रेव्हीच्या वाटेने जाऊ शकली असती अशी तीच. तिसरा भाग रिकोचा. हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलाशी तिची ओळख होते. पुढचं सांगत नाही. सुरुवातीचं गाणं डेलगाडोज या स्कॉटिश बँडचं आहे, आणि त्या संथ सुरांमुळेच मालिका कुठे जाणार आहे ते कळतं. रॉबर्टाचे भाग नुकतेच पाहिले असतील तर मध्ये काहीतरी हलकं पाहा आणि मग हिच्याकडे या. दुसरा सीझन दुसऱ्या स्टुडिओचा, चित्रांचा बाज बदललेला. पहिल्याची शांतता त्यात नाही. पुढची गोष्ट हवी असेल तर मांगा वाचावा, तो 15 खंडांत पूर्ण झाला आहे.

‘कनान’ ही पी. ए. वर्क्सची 2009 ची 13 भागांची मालिका मी निव्वळ हालचालींसाठी सुचवते. गोष्ट शांघायमध्ये. कनानला माणसांच्या भावना रंगांच्या रूपात दिसतात, त्यामुळे गर्दीत मारण्याचा इरादा कुणाच्या मनात आहे ते तिला आधीच कळतं. तिच्या शेजारी मारिया, हातात कॅमेरा असलेली जपानी मैत्रीण. एकीचा नेम बंदुकीने, दुसरीचा भिंगातून, ही जोडी सुरेख जमली आहे. मालिका एका व्हिडिओ गेमच्या कथेची पुढची पायरी असल्याने काही पात्रं अचानक येऊन हक्काने बसतात आणि आपण बावचळतो. पण शत्रू अल्फार्दसोबतची शेवटची झटापट धावत्या आगगाडीवर आहे, आणि अरुंद जागेत दोन जणींची लढत कशी रचावी याचा तो वस्तुपाठ आहे.

‘अकिबा मेड वॉर’ हे नाव वाचून तुम्ही पुढे सरकाल, तर जरा थांबा. 2022 ची, पुन्हा पी. ए. वर्क्सचीच, 12 भाग. टोकियोतलं 1999 चं अकिहाबारा, मोलकरणींच्या पोशाखातल्या मुली जिथे वाढतात अशा मेड कॅफेंच्या टोळ्या, आणि त्यांच्यातलं भांडण जुन्या याकुझा (जपानी माफिया) चित्रपटांच्या चालीवर. नायिकांपैकी रांको 35 वर्षांची, तुरुंगातून सुटून आलेली, मोजकं बोलणारी. पहिल्या भागात एकीकडे गोड गाणं चालू असतं आणि त्याच तालावर रांको समोरची माणसं पाडत जाते. वरवर हसू येतं, पण मालिका रांकोच्या आयुष्याची थट्टा कधीच करत नाही. गोंडसपणाचा कंटाळा आलेल्यांनीच ही पाहावी.

‘लिकोरिस रिकॉइल’ तुमच्या अटीत बसत नाही: गणवेश आहे, कॅफे आहे, गोडवा भरपूर आहे. तिच्यातली चिसातो मात्र न मारण्याचं ठरवून बंदूक चालवते, जीव न घेणाऱ्या गोळ्या वापरते, आणि त्या गोळ्या लांबून नीट लागत नाहीत म्हणून तिला शत्रूच्या अगदी जवळ जावं लागतं. एका नैतिक निर्णयातून लढण्याची अख्खी पद्धत घडते, ते पाहण्यासारखं आहे. तुमचं मन कधी बदललं तर.

न सुचवलेल्या मालिकांची नावं घेत नाही, पण ओळखायची खूण सांगते. पहिली चकमक सुरू झाली की कॅमेरा कुठे बसवलाय ते पाहा. तो नायिकेच्या हातांवर, डोळ्यांवर, ती जिथे उभी आहे त्या जागेवर असेल तर मालिका तिला गांभीर्याने घेते आहे. तो सारखा खालून वर, तिच्या कपड्यांच्या कडेला घुटमळत असेल तर बंदूक निमित्तमात्र आहे, पुढचे अकरा भागही तेच असणार. रेव्हीचे कपडेही काही फार नाहीत, हे मान्य. पण ती गोळी झाडते त्या क्षणी काताबुचीचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो.

त्याच काताबुचीचा 2016 चा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ पाहा, असं मी आग्रहाने सांगेन. बंदूकधारी नायिका त्यात नाही. हिरोशिमाची सुझू लग्न होऊन कुरे या आरमारी बंदराच्या गावी येते आणि युद्धाच्या वर्षांत रेशनवर घर चालवते. पण बंदरात उभ्या युद्धनौका, विमानं, आकाशात फुटणारे तोफगोळे ज्या काटेकोरपणे काढले आहेत, त्यात ‘ब्लॅक लगून’वाल्याचाच हात दिसतो. शस्त्रं झाडणाऱ्यांची गोष्ट सांगून झाल्यावर त्याने ती ज्यांच्यावर पडतात त्यांची गोष्ट सांगितली. दोन्ही पाहिल्याशिवाय त्याचं काम पूर्ण कळत नाही.

आणि ‘ब्लॅक लगून’ अजून संपलेली नाही. रेई हिरोएचा मूळ मांगा अ‍ॅनिमेच्या बराच पुढे गेला आहे. रॉबर्टाच्या प्रकरणाचा शेवटही तिथे वेगळा आहे; अ‍ॅनिमेतला जास्त क्रूर. ते प्रकरण संपतं तिथपासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, पण मी असते तर रॉबर्टा पुन्हा वाचूनच पुढे गेले असते.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. एरवी मी मूळ जपानी आवाज आणि खाली सबटायटल हाच मार्ग सांगते. ‘नुआर’, ‘गनस्लिंगर गर्ल’ तसेच पाहा. ‘ब्लॅक लगून’ पुन्हा पाहणार असाल तर मात्र या वेळी इंग्रजी डब लावा. रोआनापुरात जमलेली रशियन, चिनी, अमेरिकन माणसं गोष्टीत एकमेकांशी इंग्रजीच बोलत असतात, त्यामुळे डबमधल्या शिव्या आणि निरनिराळे हेल अस्सल वाटतात. जपानमध्ये घडणाऱ्या शेवटच्या सहा भागांपुरतं मूळ ध्वनीकडे परत या. तिथे कोणाला जपानी येतं आणि कोणाला नाही यावरच प्रसंग उभे आहेत. रॉक दुभाषा म्हणून मधे उभा आहे आणि आपल्याच देशात परका झाला आहे. डबमध्ये सगळेच इंग्रजी बोलू लागल्यावर हे अंतर पुसलं जातं.

आधी ‘मिचिको’, मग ‘जॉर्मुंगांड’, मध्ये एखाद्या संध्याकाळी ‘गनस्मिथ कॅट्स’चे तिन्ही भाग, आणि ‘नुआर’ला पावसाळ्याचे निवांत दिवस. ‘गनस्लिंगर गर्ल’ सगळ्यात शेवटी.